निळ्या फुलांचा कप

चार वाजायला वीस मिनिटं कमी असताना बाई घराबाहेर पडत. दाराला कडी घालत, कुलूप नाही. त्यांच्या घरापासून वसमतचं एसटी स्टँड चालत बारा मिनिटांवर आहे. बाईंना वीस लागत, कारण वाटेत जुने पेशंट भेटत. स्टँडवर पोचल्या की त्या फलाटासमोरच्या शेवटच्या बाकड्यावर बसत आणि काहीही करत नसत. हिंगोलीची गाडी लागे, सुटे. परभणीची लागे, सुटे. बाई गाड्यांकडे पाहत नसत. गाडी गेल्यावर बाकड्यांवर कोण उरलं, ते पाहत.

त्यांचं एक गणित होतं. गाडी आली की माणूस उठतो, पाटी वाचतो किंवा कंडक्टरला विचारतो, आणि आपली नसली तर परत बसतो. ज्याला कुठे जायचं असतं तो एखादी गाडी सोडतो. गर्दी असते, कुणाची सोबत यायची असते. पण जो दोन गाड्यांना उठून पाटी वाचतो आणि दोन्ही वेळा परत बसतो, त्याला जायला ठिकाण नसतं. अशा माणसासमोर बाई जाऊन उभ्या राहत आणि म्हणत, "तुमची गाडी गेली. चला, चहा घ्या."

गणित चुकतही असे. एकदा त्यांनी एका विमा एजंटला घरी आणलं. तो मेहुण्याची वाट पाहत बसला होता. त्यानं चहा घेतला, पोहे खाल्ले आणि जाताना बाईंना दोन पॉलिस्या समजावून सांगितल्या. "बोलायला कुणी नव्हतं बिचाऱ्याला," बाई म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या मते गणित तेव्हाही चुकलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. त्या घरात तीन वर्षं काढली. त्या काळात जे पाहिलं तेवढंच इथे लिहितो आहे, आणि त्यात माझा स्वतःचा भाग कमी करून लिहिलेला नाही.

बाई निवृत्त नर्स होत्या. आधी मिशनच्या दवाखान्यात, मग सरकारी नोकरीत. ख्रिस्ती. गाव त्यांना शिस्टर म्हणे. उंची पाच फुटांच्या आत, पांढरी साडी, आणि पदराला पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. निवृत्तीनंतरही ते तिथेच होतं. समोरच्याचा हात हातात घेऊन बोलायची सवय होती आणि बोलताना त्यांची नजर घड्याळावर असे. आपली विचारपूस चालली आहे असं माणसाला वाटे, त्याच वेळी त्या नाडी मोजत असत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आजार राहत. रस्त्यानं जाताना त्या सांगत, "ते बघ, हर्निया नगरसेवक झालंय." किंवा, "कावीळ आणि तिची सून बोलत नाहीत म्हणे." गावातल्या मोठ्या माणसांना हे आवडत नसे. पण ज्या बाईनं आपल्याला पालथं झोपवून सुई दिली आहे तिला भर बाजारात काय बोलणार? ते मान खाली घालून नमस्कार करत.

स्वयंपाकघरात एक फळी होती. फळीवर स्टीलचे सहा ग्लास पालथे आणि त्यांच्या शेजारी, एकटा, चिनी मातीचा एक कप. पांढरा, कडेला निळी फुलं, दांडी शाबूत. घरात दुसरा कप नव्हता.

राहायला आलो त्या दिवशीच बाईंनी नियम सांगितला. "हा ग्लास तुझा. चहा झाला की मोरीत घासायचा आणि फळीवर पालथा घालायचा. उष्टं टाकून जायचं नाही." पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे.

कप स्टँडवरून आणलेल्या माणसासाठी होता. तो माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. बाई त्याला अहो-जाहो करत, मग तो कुणीही असो. त्याला कप आधी मिळे, आम्हाला ग्लास नंतर. तो कप विसळायला उठला तर म्हणत, "राहू द्या. पाहुण्यांनी धुवायचं नसतं." आणि स्वतः धूत.

इथे एक गोष्ट सांगावी लागते. हिंगोलीला आमच्या घरी ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. आमचं घर कारकुनी पेशाचं, देवाधर्माचं. तो कप कुणासाठी आहे हे कुणी सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. त्यातून जो चहा पिई त्यानंच तो विसळायचा आणि कोनाड्यात पालथा ठेवायचा. घरातल्यांची भांडी घरातल्या बायका घाशीत. स्वतःचं भांडं स्वतः धुणारा माणूस म्हणजे बाहेरचा, हे मी शाळेत जाण्याआधी शिकलो होतो. आता या घरात माझा ग्लास मी धूत होतो, आणि स्टँडवरच्या माणसाचा कप बाई धूत होत्या. माझी पायरी कोणती, हे ठरवायला मला आणखी पुरावा लागला नाही.

त्या कपातून प्यालेल्या माणसांपैकी काही मला आठवतात. बोटं झडलेला एक म्हातारा, रोग कधीच बरा झालेला, पण गावानं अजून दारात न घेतलेला. बाजारात दुकानांपुढे टाळ्या वाजवून मागणारी एक तृतीयपंथी, जिनं खुर्चीत बसण्याआधी पदरानं खुर्ची पुसली, आपल्यामुळे मळेल म्हणून. आणि तुरुंगातून सुटलेला एक माणूस. भावाला मारल्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आला होता आणि दोन दिवस स्टँडवर पाट्या वाचत होता. तो बाईंकडे महिनाभर राहिला. बाईंनी त्याला सिद्धेश्वर धरणावर मासेमारी करणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे पाठवलं. ते कुटुंब म्हणजे अर्थातच कुणाचा तरी टायफाइड होता.

समोरच्या घरातल्या काकू एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिस्टर, राग मानू नका. आमच्या पोरीला पाहायला पाहुणे येऊन राहिले. दोन दिवस तुमचे पाहुणे जरा आत ठेवा."

"ठेवते की," बाई म्हणाल्या. "तुमचे पाहुणे पण आत ठेवा. बाहेर दिसले तर मी चहाला बोलावीन."

धर्माबद्दलही चौकशी झाली. दोन तरुण मोटारसायकलवर आले. बोलणं नम्र होतं. "बाई, तुमी ह्या लोकाईला किरिस्ताव करून राहिल्या का?"

"अरे, आंघोळीला तयार करायलाच मला चार दिवस लागतात," बाई म्हणाल्या. "बाप्तिस्म्याचं कुठं काढता? चहा घेणार का? ग्लासातून मिळेल, कप गुंतलाय."

त्यांनी चहा घेतला. त्यातल्या एकाला बाईंनी जिभेचा रंग पाहून रक्त तपासून घ्यायला सांगितलं.

चर्चमध्येही सगळे खूश नव्हते. रविवारी बाई आपल्या पाहुण्यांना सोबत नेत, यायचं असेल तर, आणि पुढच्या बाकावर बसवत. पुढचा बाक वर्षानुवर्षं काही ठरावीक कुटुंबांचा होता. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन समजावलं, "शिस्टर, तुमची भावना बराबर आहे. पण देवाचं घर आहे, धर्मशाळा न्हाई."

"साहेब, त्याच्या आईला धर्मशाळेत तरी कुठं जागा मिळाली होती?" बाई म्हणाल्या. "गोठ्यात जावं लागलं." पुढच्या रविवारी त्या पाहुण्याला घेऊन पुन्हा पुढच्या बाकावर होत्या.

हे सगळं मी एका पुरवणीत लिहिलं होतं. अर्धं पान, बाईंचा फोटो, बाकड्यावर बसलेल्या. लेख चांगला झाला होता. मी अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "कागद जाड आहे." दुसऱ्या दिवशी तो फळीवर अंथरलेला होता. कप माझ्या लेखावर ठेवला होता, बरोबर माझ्या नावाच्या ओळीवर.

मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. बातमीदार स्वतःच्या मनाच्या बातम्या देत नाही. पण घटना सांगता येतात. मला विषमज्वर झाला तेव्हा बाईंनी अकरा दिवस माझं सगळं केलं. कपाळावर घड्या, तासातासाला ताप, भाताची पेज. पेज स्टीलच्या ग्लासातून. त्या काळात घरात पाहुणा नव्हता. कप फळीवर रिकामा होता. मी पडल्या पडल्या तो मोजून अकरा दिवस पाहिला. बाराव्या दिवशी हिंगोलीहून आई डबा घेऊन आली. बाई तिला म्हणाल्या, "काळजी करू नका, तुमचं पोरगं चिवट आहे." उठून बसता यायला लागल्यावर पहिलं काम त्यांनी मला कोणतं सांगितलं? ग्लास घासायचं.

आणखी एक नोंद. धरणावर गेलेला तो तुरुंगातला माणूस दोन-तीन महिन्यांनी एकदा मासे घेऊन येई. तेव्हा त्याला चहा स्टीलच्या ग्लासातून मिळे आणि तो स्वतः ग्लास घासून ठेवी. मी त्याचं कारण, कप दुसऱ्या कुणाकडे गुंतला असेल, असं धरलं. ते तपासलं नाही. तपासणं हा माझा धंदा होता.

रुखमाबाई आली ती माझ्या तिसऱ्या वर्षी, हळदीच्या हंगामात. वय पंचावन्नच्या आसपास. सेनगाव तालुक्यातल्या एका गावची. गावाचं नाव तेव्हा लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. विधवा. शेजाऱ्याची म्हैस आटली, मग एका घरातली दोन लेकरं एकदम आजारी पडली, आणि कुण्या देवऋष्यानं दिशा सांगितली. त्या दिशेला हिचं घर होतं. हिनं करणी केली, असं ठरलं. हापशावर बायका तिची घागर बाजूला सारू लागल्या. एका सकाळी तिच्या दारात लिंबं पडलेली होती आणि माणसं उभी होती. मुलगा म्हणाला, "माय, थोडे दिस कुठंबी जाय." तिनं पुसेगावला जाऊन मिळेल ती गाडी पकडली, हिंगोलीला दुसरी, आणि वसमतच्या स्टँडवर तिची माहितीच संपली.

पहिल्या दिवशी ती कप हातात घेईना. "मले वाटीत द्या," म्हणाली. "माझ्या हाताचं कुणी घेत न्हाई."

"ते घेत नसतील. तुम्ही माझ्या हाताचं घ्या," बाई म्हणाल्या. "धरा."

ती बाकीच्यांसारखी आठ-पंधरा दिवसांत गेली नाही. बाईंनी तिला मोंढ्यात, बाजार समितीच्या आवारात, एका हळदीच्या शेडमध्ये काम मिळवून दिलं. पंचवीस-तीस बायका ओळीत बसून हळकुंडं निवडायच्या, त्यात ही एक. कुठली म्हणून कुणी विचारलं तर "पाहुणी हाय शिस्टरची," एवढं सांगायची. संध्याकाळी कोपरापर्यंत पिवळी होऊन यायची. त्या कामामुळे ती हळूहळू माणूस दिसायला लागली. मान वर झाली, आवाज मोठा झाला. एकदा तर मला म्हणाली, "काहून हो पेपरवाले, तुमी रोज एवढं लिहिता, कोनी वाचते का?" बाई हसल्या. तीन वर्षांत माझ्या कुठल्याही वाक्यावर बाई तशा हसल्या नव्हत्या.

तिच्यापुढे काय होतं ते स्पष्ट होतं. शेडमध्ये दोन महिने कुणी बोट दाखवलं नाही, तर ती वसमतची हळद निवडणारी एक बाई झाली असती. कुणी ओळखलं तर पुन्हा स्टँड. हे बाईंना माहीत होतं, तिला माहीत होतं, मला माहीत होतं. आणखी कुणाला माहीत नव्हतं.

कपाची हकीकत मला तिच्यामुळे कळली. मी बाईंना दोन-तीनदा विचारलं होतं, लेखासाठी म्हणून. "विशेष काही नाही, जुना आहे," एवढंच उत्तर. एका संध्याकाळी मी खोलीत बातमी लिहीत होतो आणि मधल्या पातळ भिंतीतून बाईंचा आवाज येत होता.

"मी नवी नर्स होते. एका मोठ्या घरी म्हातारीला महिनाभर इंजेक्शन द्यायला जायची. मला चहा ओसरीत. कोनाड्यात हा कप ठेवलेला, माझ्यासाठीच. प्यायचा, विसळायचा, पालथा घालायचा. म्हातारीला मी कुशीवर वळवत होते, तिचं सगळं काढत होते, ते चालत होतं. महिना संपला तेव्हा तिची सून म्हणाली, शिस्टर, हा कप घेऊन जा, आता आमच्या कामाचा नाही."

"मंग तुमी फोडला का न्हाई?" रुखमाबाईचा आवाज.

"काहून फोडू? चांगला होता. अस्सल चिनी माती. घरी आणला, बापाला दाखवला. बाप म्हणाला, ज्याला बाहेर बसवतात त्याला हा द्यायचा, पण आत बसवून."

चहा ओतल्याचा आवाज आला. मग दोघी कशावर तरी हसल्या.

मी ते सगळं पॅडवर टिपून घेतलं होतं. वाचून पाहिलं तर अक्षर माझं होतं, पण हकीकत मला सांगितलेली नव्हती.

त्याच आठवड्यात सेनगाव तालुक्यातल्या त्या प्रकरणात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. बातमी माझ्या हद्दीतली नव्हती, पण डेस्कनं विचारलं, पीडित महिला तुमच्या भागात कुठेतरी आहे असं पोलीस म्हणतात, खरं का? मी म्हटलं, खरं, मी बातमी देतो. चांगली बातमी होती. अंधश्रद्धेच्या विरोधात होती. जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम बरोबर होतं. पोलिसांचं म्हणणं होतं, गावकऱ्यांचं म्हणणं होतं. महिलेचं नाव दिलं नव्हतं. तो नियम मी पाळला. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'सदर महिला सध्या वसमत येथे एका निवृत्त परिचारिकेच्या आश्रयाला असून मोंढ्यात मजुरी करीत आहे.'

मी रोज दहा-बारा गावांहून आलेल्या बातम्या कापत असे. कुठलं वाक्य काढलं तर बातमीला धक्का लागत नाही हे माझ्या बोटांना कळे. ते वाक्य तसं होतं. डेस्कनं ते मागितलं नव्हतं. टाइप करून झाल्यावर मी ते एकदा निवडून निळं केलं, म्हणजे काढायचं असेल तर एक कळ दाबायची. ती दाबली नाही. मग बातमी पाठवली.

सकाळी कुणीतरी कात्रणाचा फोटो मोंढ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वसमतमध्ये पाहुण्यांना ठेवून घेणारी निवृत्त परिचारिका एकच होती. दहा वाजेपर्यंत शेडमधल्या बायकांनी आपापली पोती रुखमाबाईपासून हात-हातभर लांब ओढली. एक जण लेकराला दूध पाजत होती, तिनं ते पदराआड केलं. कुणी भांडलं नाही. मुकादम येऊन म्हणाला, "मावशे, तुझी काई चूक न्हाई. पन बाकीच्या बसंना झाल्यात. तू उद्यापासून येऊ नको."

ती अकरा वाजता घरी आली. हात पिवळे होते, त्या दिवशी अर्धेच.

बाईंनी चष्मा लावून बातमी वाचली. दोनदा. मग माझ्या दारात आल्या. "यात खोटं काही नाही."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर नख ठेवलं. "हे वाक्य नसतं तर छापली नसती का?"

"छापली असती."

त्यांनी मान हलवली. पेशंटनं खरं सांगितल्यावर नर्स हलवते तशी. पुढे काही विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई रुखमाबाईला घेऊन स्टँडवर गेल्या. स्टँडवरून माणूस आणणाऱ्या बाईंना मी प्रथमच माणूस गाडीत बसवताना पाहिलं. औंढ्याची गाडी होती. तिथून सिद्धेश्वर. धरणावरच्या त्या माणसाला त्यांनी फोन केला होता. रुखमाबाईनं गाठोडं घेतलं नाही, गोधडी आणि दोन लुगडी बाईंकडेच ठेवली. घाईत राहिली की मुद्दाम, ते कळलं नाही.

मी परत येत असताना समोरच्या काकूंनी मला थांबवलं. "बरं केलं बगा तुमी. आमी किती दिस म्हणून राहिलो, कोन कुठली बाई... तुमच्या एका बातमीनं काम झालं." त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला. चांगल्या कपात, बशीसकट. तो चहा मला अजून आठवतो.

त्यानंतर बाईंकडे चहाला बसणं मी टाळलं. त्या रोजच्यासारखा ग्लास ओट्यावर ठेवत. मी कामाचं निमित्त काढून निघून जाई. त्या ग्लास उचलत नसत, संध्याकाळी साय धरलेला चहा तसाच असे. मी तो मोरीत ओतून ग्लास घासून ठेवी. नऊ दिवस असं चाललं. दहाव्या दिवशी मी बॅग भरली. हिंगोलीला घरी जावं, खोली नंतर रिकामी करावी, असा विचार होता. तीन वाजता स्टँडवर आलो.

हिंगोलीची गाडी लागली. मी उठलो, पाटी वाचली. घरी गेल्यावर आई विचारणार, काय झालं रे. परत बसलो. पाऊण तासानं दुसरी लागली. उठलो. पाटी हिंगोलीचीच होती, ती वाचायची काही गरज नव्हती. परत बसलो. गाडी फलाटावरून मागे गेली, वळली आणि सुटली.

समोर पांढरी साडी येऊन उभी राहिली. घड्याळ माझ्या डोळ्यांच्या पातळीवर उलटं लोंबत होतं. बाईंनी ते उचलून पाहिलं.

"तुमची गाडी गेली," त्या म्हणाल्या. "चला, चहा घ्या."

मला 'तुमची' म्हणाल्या. रस्त्यानं त्या पुढे, मी बॅग घेऊन मागे. वाटेत भेटलेल्या एका मूतखड्याला त्यांनी भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं.

घरी रुखमाबाई स्वयंपाकघरात खाली बसलेली होती. गोधडी न्यायला आली होती. रॉकेलच्या जुन्या डब्यात मासे आणले होते आणि घरभर त्याचा वास होता. मी आल्याचं कळूनही तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. मी दारातच उभा राहिलो.

"बसा," बाईंनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. मी बसलो. त्या जागेवरून रस्ता दिसतो, समोरच्या काकूंचं दार दिसतं आणि दारातून बाहेर पाहणारी माणसं दिसतात. हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

बाईंनी चहा गाळला. फळीवरून निळ्या फुलांचा कप काढला, पदरानं पुसला, भरला आणि माझ्यापुढे धरला. दांडी माझ्याकडे वळवून. "घ्या."

मी घेतला. चहा नेहमीचाच होता. आलं तेवढंच, साखर तेवढीच.

"रुखमा, तू ग्लास घे," बाई म्हणाल्या.

रुखमाबाई उठली, फळीवरून पहिला हाताला आला तो ग्लास घेतला. काठाजवळ पोचा आलेला. मला विषमज्वर झाला होता तेव्हा माझ्या हातून पडून आला होता तो. तिनं त्यात चहा ओतून घेतला आणि पुन्हा खाली बसली. फुंकर मारून दोन घोट घेतले. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या कपाकडे.

"पयल्या दिशी जड लागते," ती म्हणाली. "मले बी लागला व्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी कप संपवला. सवयीनं उठलो आणि मोरीकडे वळलो.

"राहू द्या," बाईंनी हात पुढे करून कप माझ्याकडून घेतला. "पाहुण्यांनी धुवायचं नसतं."

मी परत खुर्चीत बसलो. रुखमाबाईनं चहा संपवला, मोरीत गेली, नळ सोडला. राखेनं ग्लास घासण्याचा आवाज येऊ लागला. ती घाई न करता घाशीत होती, आतून, बाहेरून, काठापर्यंत, आपल्या घरचं भांडं घासावं तसा माझा ग्लास. तो फळीवर पालथा घातल्याचा आवाज येईपर्यंत मी ऐकत होतो.